बँकॉकला निघण्यापूर्वी सहलवाल्यांनी हे सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की बडोद्यात रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत थायलंडच्या सहलींचे फलक लागतात. अहमदाबादहून थेट विमान, व्हिसाची कटकट नाही, चार रात्री पाच दिवस, सकाळचा नाश्ता आणि एक वेळचे गुजराती जेवण. माहितीपत्रकात बेटे असतात, बाजार असतात, हॉटेलचे फोटो असतात. तिथे कसे वागावे, कायदा कुठे कडक आहे आणि फसवणूक नेमकी कुठे होते, यावर एक ओळही नसते. सहलींच्या नियोजनाचेच काम करत असल्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले. बँकॉक एकंदरीत सुरक्षित शहर आहे. रात्री दहा वाजता बायका एकट्या रेल्वेने फिरतात. आपल्या लोकांची अडचण होते ती बडोद्यात कुणाच्या लक्षातही येणार नाहीत अशा गोष्टींमुळे.

आधी कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत १५ जुलै २०२४ पासून लागू झाली. अशा सवलती कमी-जास्त होत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई वकिलातीचा चालू नियम वाचावा, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या माहितीवर जाऊ नये. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे आहे. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. शोधले की वरच खासगी संकेतस्थळे दिसतात आणि तीच माहिती भरण्याचे पैसे घेतात. खरा सरकारी पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो, एवढे पाहिले तरी पुरे. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि माणशी २० हजार बाट (थाई चलन) रोख किंवा तितक्या किमतीचे परकीय चलन दाखवायला सांगू शकतात. घरातल्या एकाच माणसाकडे सगळे पैसे ठेवले आणि तो दुसऱ्या रांगेत गेला, तर बाकीचे खिडकीसमोर अडकतात. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड आहे, कमाल २० हजार.

शहरात विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. तिकिटावर पहिल्याचे चिन्ह बीकेके, दुसऱ्याचे डीएमके. स्वस्त कंपन्यांची पुष्कळ विमाने डॉन मुआंगला उतरतात आणि फुकेतचे पुढचे विमान मात्र सुवर्णभूमीहून असते. मध्ये रस्त्याची कोंडी. दोन विमानांमध्ये तीन तासांचे अंतर ठेवून तिकीट काढणारा दलाल हिशेब कागदावर करतो, रस्त्यावर नाही.

बॅगेत काय नसावे, हे त्याहून महत्त्वाचे. व्हेप किंवा ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे. नेणेही गुन्हा, जवळ असणेही गुन्हा, आणि शिक्षा दंडापासून तुरुंगापर्यंत. रस्त्यावर उघड विकताना दिसते म्हणून चालते, असा समज करून घेऊ नये. पोलीस विकणाऱ्याला सोडून पर्यटकालाही थांबवतात. झोपेच्या, चिंतेवरच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्यांपैकी काही तिथे नियंत्रित यादीत आहेत. ज्येष्ठांची औषधे मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि महिन्याभराच्या आत पुरतील एवढीच न्यावीत. आपल्याकडे सोयीसाठी गोळ्या डबीत काढून ठेवतात. सीमाशुल्क खात्यापुढे त्या डबीला काहीच अर्थ नसतो.

गांजाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. जून २०२२ मध्ये थायलंडने तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जागोजागी दुकाने निघाली. जून २०२५ मध्ये पुन्हा बंधने आली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई झाली. भारतात तर १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो सरळ गुन्हा आहे. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, गांजा पकडल्याच्या बातम्या अहमदाबाद आणि मुंबई विमानतळांवरून सारख्या येतात. पकडली जाणारी माणसे पुष्कळदा ‘एवढी पिशवी न्या, तिकिटाचे पैसे आम्ही देतो’ या बोलण्याला भुललेली तरुण मुले असतात. कुणाचेही सीलबंद पार्सल, बिस्किटांचे डबे, खेळणी बरोबर आणू नयेत. नात्यातला असला तरी बॅग आपल्यासमोर उघडून भरू द्यावी.

सुवर्णभूमीहून शहरात यायला एअरपोर्ट रेल लिंक सगळ्यात सोपी. पहाटे साडेपाचपासून मध्यरात्रीपर्यंत चालते, शहरातल्या फाया थाय स्थानकापर्यंत अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते आणि भाडे ४५ बाटच्या वर जात नाही. सामान जास्त असेल तर तळमजल्यावरच्या यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठीवर थांब्याचा क्रमांक आणि गाडीची माहिती असते. ती चालकाला देऊन टाकू नये, तक्रारीला तीच लागते. मीटर ३५ बाटपासून सुरू होते, विमानतळाचे ५० बाट वेगळे आणि टोलनाक्याचे पैसे प्रवाशाने जागेवर द्यायचे. हे तिन्ही कायदेशीर आहेत. टोलवरून चालकाशी भांडणारे आपले लोक नाहक स्वतःचा वेळ घालवतात. शहरात चालकाने मीटर टाकायला नकार दिला, तर वाद न घालता उतरून पुढची टॅक्सी घ्यावी किंवा मोबाइलवरून ग्रॅब किंवा बोल्ट बोलवावी. सुखुमवित रस्त्यावर विषम क्रमांकांच्या गल्ल्या उत्तरेला आणि सम क्रमांकांच्या दक्षिणेला आहेत. पंचवीस नंबरच्या गल्लीसमोर चोवीस असेलच असे नाही, आकडे दोन्ही बाजूंना आपापल्या चालीने वाढतात. हे ठाऊक नसल्यामुळे उन्हात मैलभर पायपीट होते.

आता देवळे, थाई भाषेत ‘वाट’. एमेराल्ड बुद्धाचे वाट फ्रा केओ हे ग्रँड पॅलेसच्या आवारातच आहे. सकाळी साडेआठला उघडते, तिकीट साडेतीनला बंद होते आणि परदेशी माणसाला ५०० बाट पडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बर्म्युडा, बिनबाह्यांचा टीशर्ट, फाटकी जीन्स घातलेल्याला दारातूनच परत पाठवतात आणि मग समोरच्या दुकानातून जास्त पैसे मोजून पायजमा घ्यावा लागतो. साडी आणि सलवार-कमीज उत्तम. मात्र साडीवर बिनबाह्यांचे किंवा पाठ उघडी टाकणारे ब्लाउज असेल तर ओढणी लागते, आणि लेगिंग घालायची तर वर लांब कुर्ता हवा. मुख्य गाभाऱ्यात चपला आणि टोपी बाहेर, फोटो अजिबात नाही. बसताना तळवे मूर्तीकडे येणार नाहीत असे पाय मागे दुमडून बसायचे. गुडघेदुखीमुळे तसे बसता येत नसेल तर कडेला उभे राहावे, कुणी काही म्हणत नाही. पाय पुढे पसरले तर रखवालदार लगेच येतो. आवाराच्या ओवरीत रामकियेनची १७८ भित्तिचित्रे आहेत, म्हणजे थाई रामायण. मराठी माणसाला हनुमान, रावण, सेतू ओळखू येतात आणि बोट आपोआप चित्राकडे जाते. चित्राला हात लावू नये आणि मुलांना कठड्यावर चढवू नये. ही ओवरी पाहायला तासभर ठेवावा. सहलीच्या गाड्या वीस मिनिटांत सगळ्यांना बाहेर काढतात, हे आम्हाला पटत नाही.

वाट फोमधला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि त्याच्या तळव्यांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हे आहेत. मूर्तीकडे पाठ करून दात विचकत काढलेला फोटो तिथे अवमान मानतात. बाजूला उभे राहून काढावा. बुद्धाचे चित्र अंगावर गोंदलेले असेल तर ते झाकावे. मूर्ती विकत घ्यायची तर देशाबाहेर नेण्यासाठी ललितकला विभागाचा परवाना लागतो. लहान ताईत आणि लॉकेट हे वेगळे. बायकांनी भिक्षूंना हात लावू नये आणि त्यांच्या हातात थेट काही देऊ नये. वस्तू खाली किंवा त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवायची. रेल्वेत, बसमध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा असते, तिथे आपला गट बसला तर सगळा डबा बघत राहतो. मुलाच्या डोक्यावर मायेने हात फिरवणे आपल्याकडे आशीर्वाद आहे, तिथे अनोळखी मुलाच्या डोक्याला स्पर्श करणे असभ्य.

राचाप्रसोंग चौकातले एरावान देवस्थान चार मुखांच्या ब्रह्मदेवाचे आहे. भारतात ब्रह्मदेवाची देवळे मोजकीच, म्हणून आपल्या लोकांना त्याचे अप्रूप वाटते. झेंडूच्या माळा आणि उदबत्त्या चारही मुखांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत वाहायच्या असतात. नारळ फोडायची पद्धत नाही. जवळच सेंट्रलवर्ल्डसमोर गणपतीही आहे. बाप्पा म्हणून मोठ्याने आरती म्हणायचा मोह होतो, पण तिथे लोक शांत उभे राहून प्रार्थना करतात. मनातल्या मनात म्हणावी.

राजघराण्याबद्दल एक शब्दही नको. दंडसंहितेच्या कलम ११२ खाली राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांची निंदा केल्यास प्रत्येक गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षे कैद आहे, आणि हे कलम परदेशी माणसालाही लागू होते. मोबाइलवर टाकलेली टिप्पणीही त्यात येते. नोटेवर राजाचे चित्र असते, म्हणून उडालेली नोट पायाने अडवू नये. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकांत, बागांत राष्ट्रगीत लागते. सगळे जिथल्या तिथे थांबतात, आपणही थांबावे. चित्रपटगृहात सिनेमाआधी राजगीत होते, तेव्हा उभे राहावे.

फसवणुकीचा सर्वांत जुना प्रकार ग्रँड पॅलेस या राजवाड्याबाहेरच चालतो आणि आजही बडोद्याची माणसे त्यात सापडतात. नीटनेटके कपडे घातलेला, गोड इंग्रजी बोलणारा एक गृहस्थ सांगतो, ‘आज धार्मिक दिवस आहे, राजवाडा एक वाजेपर्यंत बंद.’ मग नकाशावर खुणा करून वेळ घालवण्यासाठी दोन-तीन देवळे सुचवतो, आणि जवळच एक तुकतुक (तीनचाकी रिक्षा) उभी असते, वीस-चाळीस बाटमध्ये सगळे फिरवून आणते. पहिले देऊळ खरेच छान असते. तिथे भेटलेला दुसरा अनोळखी माणूस रत्नांवर आज सरकारी सूट आहे असे सहज बोलून जातो. तिसरा थांबा जवाहिऱ्याचा किंवा शिंप्याचा. तिथे नेण्याबद्दल चालकाला दुकानाकडून दलाली मिळते, भाडे त्यातून वसूल होते. गुजरातेत हिऱ्याची जाण असलेली घरे पुष्कळ, आणि नेमका तोच आत्मविश्वास घात करतो. नीलम किंवा माणिक दिव्याखाली पाहून पारखता येत नाही, उष्णता देऊन किंवा काच भरून सुधारलेला दगड प्रयोगशाळेतच कळतो. भारतात आणून विकू, नफा होईल, हे दुकानदाराचे वाक्य ऐकले की उठावे. राजघराण्याचे समारंभ सोडले तर राजवाडा रोज उघडा असतो आणि खरी सूचना फक्त तिकीटखिडकीवर मिळते. म्हणून एमआरटी या भुयारी रेल्वेच्या सनाम चाय स्थानकावर उतरून थेट प्रवेशद्वाराशी चालत जावे आणि वाटेत थांबवणाऱ्याला हसून ‘नको’ म्हणत पुढे जावे.

पटायाला भाड्याच्या जेट-स्कीवर ओरखडे दाखवून हजारो बाट उकळतात. बसण्यापूर्वी चारही बाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढावा, तोही मालकासमोर. पासपोर्ट तारण ठेवू नये, ना जेट-स्कीसाठी, ना स्कूटरसाठी. स्कूटर चालवायला दुचाकीचा उल्लेख असलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो बडोद्याच्या आरटीओत निघतो. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकते आणि खासगी रुग्णालय आधी पैशांची हमी मागते. रात्रीच्या बाजारातल्या वरच्या मजल्यावरच्या ‘मोफत कार्यक्रमा’ला जाणाऱ्यांकडून उतरताना अवाच्या सवा बिल मागतात, म्हणून वर जाऊच नये.

जेवणाचा विषय आमच्या गटांत सर्वांत जास्त डोकेदुखी करतो. थाई स्वयंपाकात नाम प्ला, म्हणजे माशाचे पाणी, मिठाच्या जागी असते. नुसत्या भाज्यांची थाळी मागितली तरी त्यात ते पडते, शिवाय कालवांचे सॉस. कच्च्या पपईच्या सोम तामात सुकी कोलंबी कुटलेली असते, लाल-हिरव्या रश्शाच्या वाटणात कोलंबीची पेस्ट. ‘व्हेज’ म्हटले की विक्रेता मांसाचे तुकडे काढून बाकी तेच वाढतो. तो फसवत नसतो, त्याच्या लेखी मासा आणि मांस वेगळे. म्हणून मागायचे ते ‘जे’. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर, लांबून इंग्रजी सतरासारखे दिसते. त्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध काही नसते, आणि कांदा-लसूणही नसतो. आपल्या गटातल्या स्वामिनारायण कुटुंबांना हे नेमके चालते. जैन मंडळींनी मात्र बटाटा, गाजर वेगळे विचारावे, ‘जे’त कंद चालतात. तिथे सोयाबीनचे ‘मांस’ हुबेहूब मांसासारखे दिसते, ते पाहून ताट टाकून उठू नये. मोबाइलमध्ये थाई लिपीत दोन वाक्ये जपून ठेवावीत, ‘मी जे खातो’ आणि ‘माशाचे सॉस, कालवांचे सॉस, कोलंबीची पेस्ट, अंडे नको’. उच्चार चुकतात, लिहिलेले चुकत नाही. सेव्हन इलेव्हनच्या पाकिटांवरही ते चिन्ह असते. नळाचे पाणी पिऊ नये. मधे भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो.

सेन सेप कालव्यातली बोट स्वस्त आणि कोंडीतून सुटका करणारी, पण ज्येष्ठांना घेऊन जाताना सावध राहावे. बोट धक्क्याला काही क्षणच टेकते. कठड्यावर पाय ठेवून वरची दोरी धरायची आणि लगेच आत उतरायचे. दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पडदा असतो, समोरून बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून तो वर करायचा, नाहीतर काळे पाणी सगळ्यांच्या अंगावर. कडेची जागा घेतली की ते काम आपले. मोबाइल पाहत बसलेल्याला मागचे लोक बोलत नाहीत, पण भिजतात. शक्यतो बोट पूर्ण थांबून माणसे उतरल्याशिवाय साडीवाल्या बायकांना पुढे करू नये.

बीटीएस ही उन्नत रेल्वे आणि एमआरटी यांत खाणे-पिणे बंद. डब्यात फोन स्पीकरवर लावून घरी बोलणे बंद असा फलक नाही, पण सगळा डबा शांत असतो आणि आपलाच आवाज घुमतो. रस्त्यावर थुंकणे आणि कचरा टाकणे यांना २००० बाटपर्यंत दंड आहे. तंबाखू-मसाला खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, पिचकारी हॉटेलच्या कुंडीत मारली तरी पाहणारे पाहतात. हॉटेलच्या न्याहारीतून डबे भरून नेऊ नयेत. डुरियान फळ खोलीत आणले तर वासामुळे दंड आकारतात. तक्रार असेल तेव्हा आवाज चढवला की समोरची मुलगी हसत गप्प होते आणि काम थांबते. तेच हळू आवाजात, कागद दाखवून सांगितले की होते. भाव करायचा तो चातुचाकसारख्या बाजारात, हसत, दहा-वीस टक्क्यांपर्यंत, आणि आपण सांगितलेला भाव मान्य झाला तर घ्यायचेच.

पुरुषांच्या गटांना एक गोष्ट ठासून सांगावी. रस्त्यावरच्या, दुकानातल्या, मालिशकेंद्रातल्या बायकांचे न विचारता फोटो आणि व्हिडिओ काढू नयेत, शेरे मारू नयेत. आपली भाषा कळत नाही असे वाटते, पण नजर आणि हसणे कळते. भारतीय गटांना काही जागी दारातच नको म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सहलीपलीकडची एक बाब. थायलंडमध्ये संगणकावर बसायची, भरघोस पगाराची नोकरी, तिकीट आमचे, मुलाखत मोबाइलवर, अशा जाहिराती आपल्या शहरातल्या मुलांपर्यंतही येतात. बँकॉकला उतरवून सीमेवरच्या मे सोत गावामार्गे सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीजवळच्या वसाहतींत नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणूक करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये अशा वसाहतींतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून परत आणावे लागले. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर नोकरी करताच येत नाही. त्यामुळे ‘आधी पर्यटक म्हणून या’ म्हणणारा नोकरी देत नाही, हे आईवडिलांनी ओळखावे.

पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, इंग्रजी बोलतात. रुग्णवाहिका १६६९. पासपोर्ट हरवला तर आधी जवळच्या ठाण्यात नोंद करून त्याची प्रत घ्यावी, मग सुखुमवितच्या २३ नंबर गल्लीतल्या भारतीय दूतावासात जावे. स्थानक असोक. सोबत दोन फोटो, पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत न्यावी. दूतावासाचा तात्पुरता प्रवासदाखला मिळाल्यावरही थाई इमिग्रेशन कार्यालयातून प्रवेशाची नोंद जुळवून घ्यावी लागते, त्याशिवाय विमानतळावर सोडत नाहीत. शनिवार-रविवार धरून यात तीन-चार दिवस सहज जातात. म्हणून पहिल्या पानाची प्रत सहलवाल्यांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत प्रत्येकाकडून घ्यावी, शिक्क्याचा फोटो विमानतळावरच काढायला लावावा, आणि ही बैठक पैसे भरून घेण्याची नसून तासभर बसून वरील गोष्टी सांगण्याची असावी, एवढी आपल्या वृत्तपत्रातून विनंती.

कळावे,
सहलींच्या नियोजनाचे काम करणारे काही वाचक
दांडिया बाजार, बडोदा